स्मार्ट कार्डने बीएमसीवर लॉगिन होत नाही (१६ पैकी ३ सर्व्हर), कुठून सुरुवात करू?

रॅकमधलं_भूत:
नमस्कार मंडळी, डोकं पार आउट झालंय म्हणून इथे विचारतोय. १६ सर्व्हर आहेत, सगळे एकाच मॉडेलचे, मॅनेजमेंट नेटवर्क वेगळं आहे, तिथे जायचं तर आधी जंप मशीनवर (मधला कंप्युटर) आरडीपी करायचं, म्हणजे लांबून त्याच्या विंडोजमध्ये शिरायचं, आणि मग तिथल्या ब्राउझरमधून बीएमसीचं पान उघडायचं (बीएमसी म्हणजे सर्व्हरच्या मदरबोर्डवरचा छोटा स्वतंत्र कंप्युटर, ओएस बंद असली तरी सर्व्हर लांबून सांभाळायला). इतके दिवस युजरनेम पासवर्डवर चाललं होतं, आता वरून फर्मान आलंय की स्मार्ट कार्डच पाहिजे. बसलो आणि केलं. १३ ठिकाणी एकदम मस्त, कार्ड घाला, पिन टाका, आत. पण नंबर ४, ९ आणि १४ ऐकायलाच तयार नाहीत. कार्ड तेच, रीडर तोच, मी तोच. आणि वर शहाणपणा असा की १४ वर उत्साहाच्या भरात "फक्त स्मार्ट कार्ड" करून ठेवलं, आता तिथे पासवर्डने जाता येत नाही आणि एसएसएच (कमांड देऊन लांबून आत जायचा रस्ता) पण बंद झालंय. म्हणजे घरात किल्ली ठेवून दार ओढून घेतलं.

कार्ड खराब असेल का? दुसरं मागवू का?

घाईत_आहे:
सरळ बीएमसी फॅक्टरी रीसेट मारा तिन्हीवर. ५ मिनिटात विषय संपला.

पोर्ट_६३६:
@घाईत_आहे अहो नको ना. फॅक्टरी रीसेटने आयपी जाईल, सर्टिफिकेटं जातील, डिरेक्टरीची सेटिंग जातील, आणि मूळ कारण तसंच राहील, उलट ते शोधायचा लॉगही गेलेला असेल.

@भूत दुसरं कार्ड मागवू नका, ह्याच कार्डाने १३ ठिकाणी दार उघडतंय म्हणजे कार्ड बरं आहे. आधी एकाच प्रश्नाचं उत्तर द्या, पण तिन्ही सर्व्हरचं वेगवेगळं: पिन विचारतो का? आणि त्याच्याही आधी, सर्टिफिकेट निवडायची खिडकी येते का?

का विचारतोय ते सांगतो. पान उघडलं की बीएमसी ब्राउझरला म्हणतो, तुझं सर्टिफिकेट दाखव, आणि सोबत यादी देतो की मी ह्या ह्या सीएंना (सर्टिफिकेट देणाऱ्यांना) ओळखतो. ब्राउझर त्या यादीत बसणारी सर्टिफिकेटंच तुमच्यासमोर ठेवतो. तुम्ही एक निवडता, मग पिन, मग कार्डाच्या आतल्या खाजगी कीने सही होते (की कार्डाबाहेर कधी येत नाही). ती सही गेल्यावर बीएमसी बघतो की साखळी बरोबर आहे का, तारीख चालू आहे का, सर्टिफिकेट रद्द तर झालं नाही ना. आणि सगळ्यात शेवटी त्यातलं नाव, म्हणजे बहुतेक ठिकाणी यूपीएन (ईमेलसारखं दिसणारं लॉगिनचं नाव), घेऊन एलडीएपीला (खात्यांच्या डिरेक्टरीला) विचारतो की हा माणूस कोण आणि ह्याला आत सोडू का. गाडी कुठल्या स्टेशनावर थांबली ते कळलं की अर्धं काम झालं. खिडकीच येत नसेल तर एलडीएपीत डोकं घालून काही मिळणार नाही, तिथपर्यंत गाडी गेलेलीच नाही.

रॅकमधलं_भूत:
बघितलं. ४ आणि ९ वर खिडकीच येत नाही, सरळ "सर्टिफिकेट दिलं नाही" असं पान. १४ वर खिडकी येते, सर्टिफिकेट निवडलं की पहिल्यांदा पिन विचारला आणि मग कनेक्शन रीसेट. दुसऱ्यांदा केलं तर पिनही नाही विचारला, थेट रीसेट. म्हणजे १४ पण ४ आणि ९ सारखाच झाला का आता?

हळूहळू_चालवा:
नाही नाही, इथेच लोक फसतात. विंडोज पिन एकदा घेतला की त्या प्रोसेसपुरता लक्षात ठेवतो, म्हणून दुसऱ्यांदा विचारत नाही. क्रोमचंही तसंच, एकदा निवडलेलं सर्टिफिकेट ब्राउझर पूर्ण बंद करेपर्यंत तेच धरून बसतो, एकदा चुकीचं निवडलंत की नंतर कितीही रिफ्रेश करा, तो मुकाट्याने चुकीचंच पाठवतो. त्यामुळे प्रत्येक वेळी सगळ्या खिडक्या बंद, कार्ड काढा, परत घाला, मग चाचणी. कंटाळवाणं आहे पण नाहीतर उत्तरं खोटी मिळतात.

आणि निवडताना नीट बघा, पीआयव्ही कार्डात (ओळखपत्राच्या स्मार्ट कार्डांचा एक ठरलेला प्रकार) एकच सर्टिफिकेट नसतं. ९ए जागेतलं लॉगिनसाठी, ९सी मधलं सहीसाठी, ९डी मधलं एन्क्रिप्शनसाठी. नाव तिन्हीवर तुमचंच, म्हणून सगळी सारखीच दिसतात. तपशील उघडून वापराचा हेतू बघायचा, क्लायंट ऑथेंटिकेशन किंवा स्मार्ट कार्ड लॉगऑन असेल तेच आपलं.

पिन मात्र अंदाजाने टाकू नका, बऱ्याच कार्डांना ३ चुका झाल्या की कुलूप, मग पीयूके (कुलूप उघडायचा कोड) शोधत फिरा.

रॅकमधलं_भूत:
सर्टिफिकेट बरोबर होतं, ९ए वालंच. पिनच्या बाबतीत माझी आधीच एक चूक झालेली आहे 😅 हात जपून चालवतोय.

निळी_वायर:
४ आणि ९ साठी: दुसऱ्या मशीनवरून ओपनएसएसएलच्या एस-क्लायंटने (कनेक्शन तपासायचं कमांड टूल) बीएमसीच्या ४४३ पोर्टला जोडून बघा. जे उत्तर येतं त्यात बीएमसी कुठले क्लायंट सीए मान्य करतो त्याची यादी छापून येते. एकदा चालणाऱ्या सर्व्हरची घ्या, एकदा ४ ची, आणि शेजारी ठेवून बघा. पैज लावतो फरक दिसेल.

रॅकमधलं_भूत:
पैज जिंकलात. चालणाऱ्या सर्व्हरवर रूट (सगळ्यात वरचा सीए) आणि दोन इश्यूइंग सीए (त्याखालचे, कार्डाच्या सर्टिफिकेटवर सही करणारे) दिसतात, एक जुना एक नवा. ४ आणि ९ वर नवा नाहीच, रूट आणि जुना एवढेच. माझं कार्ड मागच्या वर्षी नव्याने दिलेलं आहे, त्यावर सही नव्या सीएची.

आणि आता आठवलं, ह्या दोघांचे मदरबोर्ड बदलले होते! नंतर बीएमसीची सेटिंग जुन्या एक्सपोर्ट फाइलमधून परत भरली होती, ती फाइल नव्या सीएच्या आधीची. म्हणजे मीच.

पण एक कळलं नाही, रूट तर होताच ना यादीत, मग नवा सीए त्याच रूटखालचा असून का नाही चाललं?

पोर्ट_६३६:
ब्राउझर साखळी जुळवायचा प्रयत्न करतो, पण त्यासाठी मधली कडी त्याला कुठेतरी मिळायला हवी. तुमच्या जंप मशीनवर नवा इश्यूइंग सीए इन्स्टॉल नसेल तर कार्डातलं सर्टिफिकेट रूटपर्यंत पोचतच नाही आणि गाळलं जातं. चालणाऱ्या ठिकाणी बीएमसीने स्वतःच नव्या सीएचं नाव घेतलं म्हणून थेट जुळलं. दोन्हीकडे घाला, बीएमसीवर आणि जंप मशीनवर.

चढवताना फाइल बेस-६४ वाली घ्या, सुरुवातीला आणि शेवटी रेघा असलेली. बायनरी डीईआर फाइल दिली की काही बीएमसी "यशस्वी" म्हणतात आणि आत काहीच ठेवत नाहीत, ह्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेलेली आहे.

सर्व्हरताई:
१४ बद्दल कोणी बोलतच नाहीये, त्या बिचाऱ्याला आधी आत तर येऊ द्या.

@भूत घाबरू नका. १४ वरची ओएस चालू आहे ना? त्यात ॲडमिन म्हणून जाता येतं ना? मग बीएमसीला आतून हात घालता येतो. मदरबोर्डवर ओएस आणि बीएमसी यांच्यामध्ये केसीएस नावाचा आतला रस्ता असतो, आयपीएमआय (बीएमसीशी बोलायची ठरलेली पद्धत) टूल किंवा कंपनीचं स्वतःचं लोकल कमांड टूल तिथूनच बोलतं आणि साधारणपणे त्याला बीएमसीचा पासवर्ड लागत नाही, ओएसवर रूट असलात की झालं. तिथून स्मार्ट कार्डची सक्ती बंद करा. फक्त कोणी सुरक्षेसाठी तो आतला रस्ताही बंद केला असेल तर मात्र सर्व्हरपाशी प्रत्यक्ष जाऊन बूटच्या वेळी सेटअपमध्ये शिरावं लागेल.

आणि एसएसएच बंद झालं ती बिघाड नाही बरं का. कार्डाची सक्ती केली की बरेच बीएमसी मुद्दामच एसएसएच आणि आयपीएमआय ओव्हर लॅन बंद करतात, कारण तिथे कार्ड दाखवायची सोय नाही आणि ते उघडं ठेवलं तर पुढचं दार लोखंडी आणि मागचं नुसतं लोटलेलं.

रॅकमधलं_भूत:
ताई साष्टांग नमस्कार. लोकल टूलने गेलो, सक्ती काढली, १४ वर पासवर्डने आत आलो. आता श्वास घेतोय.

काटकोन:
थोडं अवांतर. मला बीएमसीवर लॉगिन होतं पण तिथून व्हर्च्युअल कन्सोल उघडून सर्व्हरच्या विंडोजमध्ये कार्डाने लॉगिन करायला गेलो तर "कार्ड घाला" म्हणत बसतो. कार्ड घातलेलंच आहे!

सर्व्हरताई:
@काटकोन कार्ड तुमच्या मशीनला घातलंय, त्या विंडोजला नाही. व्हर्च्युअल कन्सोल म्हणजे लांब वायरीचा मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस, फार तर आयएसओ लावायची सोय. बहुतेक बीएमसी कार्ड रीडर पलीकडे नेत नाहीत. ओएसमध्ये कार्डाने जायचं तर आरडीपीने जा, आरडीपीत रीडर पुढे पाठवायची सोय आहे, लोकल रिसोर्सेसमध्ये खूण केलेली आहे का बघा. कन्सोल लागतो तो ओएसच पडलेली असताना, तेव्हासाठी ओएसवर एक लोकल खातं ठेवलेलं बरं.

रॅकमधलं_भूत:
अपडेट. ४ आणि ९ वर नवा सीए चढवला, जंप मशीनवरही. ब्राउझर बंद, कार्ड काढलं घातलं. दोन्हीवर खिडकी आली! पिन विचारला! आणि मग... "ॲक्सेस नाकारला". 😐

पोर्ट_६३६:
अहो नाराज काय होताय, दोन स्टेशनं पुढे आलात. आता प्रश्न बीएमसीच्या बाजूला आहे, ब्राउझर आणि कार्डाचं काम झालं. पासवर्डने आत जाऊन बीएमसीचा लॉग बघा.

रॅकमधलं_भूत:
९ चा लॉग म्हणतो सर्टिफिकेट अजून वैध झालेलं नाही. ४ चा म्हणतो रद्द आहे की नाही ते समजलं नाही. दोन सख्खे भाऊ, एकाच दिवशी एकाच फाइलमधून सेटिंग भरलेली, आणि दोघांची रड वेगळी.

निळी_वायर:
९ च्या लॉगमध्ये ओळींच्या पुढे तारीख काय आहे?

रॅकमधलं_भूत:
...
१ जानेवारी १९७०.

मी दोन दिवस हा लॉग उघडतोय हो. डोळ्यांना दिसत होतं, डोक्यात शिरलं नाही.

निळी_वायर:
😂 होतं असं. त्याच्या दृष्टीने तुमचं कार्ड पन्नासहून जास्त वर्षांनी जन्माला येणार आहे, मग "अजून वैध नाही" हे त्याचं म्हणणं रास्तच. एनटीपी (नेटवर्कवरून वेळ घेणं) लावलंय का? नावाने की आयपीने?

रॅकमधलं_भूत:
एनटीपी चालू आहे, नावाने आहे. डीएनएस... डीएनएसचे (नावावरून आयपी शोधून देणारा सर्व्हर) रकाने रिकामे. दोन्हीवर. तीच जुनी एक्सपोर्ट फाइल, तेव्हा मॅनेजमेंट नेटवर्कला डीएनएस नव्हतंच आमच्याकडे.

पण मग ४ चं घड्याळ बरोबर कसं?

हळूहळू_चालवा:
४ वरची ओएस चालू असेल आणि ९ बंद पडून असेल, बरोबर? बहुतेक बीएमसी घड्याळ होस्टकडून उचलतात, आणि एनटीपी मिळालं तर त्याच्याकडून. ९ ला नुसतं स्टँडबाय पॉवरवर ठेवलंय, होस्ट सुरूच केलेला नाही, एनटीपीचं नाव सुटत नाही, मग तो शून्यापासून मोजत बसलाय.

४ चं कारणही तेच, नुसतं पुढच्या पायरीवर. त्याची तारीख पास झाली, मग तो ओसीएसपीला विचारायला निघाला की हे कार्ड रद्द झालंय का, आणि ओसीएसपीचा पत्ता सर्टिफिकेटमध्ये नावाने लिहिलेला असतो. डीएनएस नाही तर जाणार कुठे. ९ ची तारीख नीट केलीत की तोही बरोब्बर इथेच येऊन अडकेल.

घाईत_आहे:
रद्द आहे का ती तपासणी बंद करून टाका की. आमच्याकडे बंदच आहे, काही अडत नाही.

पोर्ट_६३६:
अडत नाही ते कोणाचं कार्ड हरवेपर्यंत. हरवलेलं कार्ड तुम्ही सीएकडे रद्द करता, पण बीएमसी विचारतच नसेल तर त्याच्यासाठी ते कार्ड मुदत संपेपर्यंत चांगलंच. पिन आहे हे मान्य, पण लोक कार्डाच्या पाकिटावर पिन लिहितात, डोळ्यांनी बघितलंय.

चाचणीपुरतं ५ मिनिटं बंद करून बघायला हरकत नाही, दोष तिथेच आहे ह्याची खात्री होते. नंतर आठवणीने चालू करा.

रॅकमधलं_भूत:
चाचणीपुरतं बंद केलं, ४ वर आत गेलो. परत चालू केलं, डीएनएसचे दोन्ही पत्ते भरले, तरीही आत गेलो. ४ नंबर सुटला!! ९ वर डीएनएस भरलं, दोन मिनिटांत एनटीपीने तारीख आणली, आणि तोही सुटला.

एक शंका. फायरवॉलच्या लॉगमध्ये ४ वरून ओसीएसपी सर्व्हरकडे पोर्ट ८० ने साधं एचटीटीपी जाताना दिसलं. सुरक्षेची तपासणी आणि तीच एन्क्रिप्शनशिवाय? आमचे सिक्युरिटीवाले हे बंद करतील.

हळूहळू_चालवा:
करू देऊ नका. ओसीएसपीच्या उत्तरावर सही असते, सीआरएलवर (रद्द सर्टिफिकेटांची यादी) पण, वाटेत कोणी अक्षर बदललं तर सही जुळणार नाही. आणि ते एचटीटीपीएसवर ठेवलं तर गंमत होते, त्या सर्व्हरचं सर्टिफिकेट रद्द आहे का ते बघायला परत त्यालाच विचारायचं, कुत्रं शेपटीमागे फिरतं तसं.

टर्मिनलप्रेमी:
मधेच घुसतोय. लिनक्स, फायरफॉक्स, ओपनएससीचं (कार्ड वाचायचं सॉफ्टवेअर) मॉड्यूल भरलंय. सकाळी कार्ड दिसतं, दुपारी रीडरच गायब, रीबूट केलं की परत येतं. बीएमसीचा संबंध नसेल बहुतेक.

निळी_वायर:
जीपीजी वापरता का? सह्या करायला किंवा एसएसएचला? जीपीजीचा एससीडीमन रीडर स्वतःकडे घट्ट धरून ठेवतो आणि पीसीएससीडीला (बाकी प्रोग्रॅमना रीडर देणारी सेवा) काही उरत नाही. आत्तापुरतं एससीडीमन मारा, कार्ड लगेच दिसायला लागेल. कायमचं करायचं तर त्याच्या कॉन्फमध्ये डिसेबल-सीसीआयडी आणि पीसीएससी-शेअर्ड ह्या दोन ओळी.

टर्मिनलप्रेमी:
दुपारी गिट कमिटवर सही करतो तेव्हापासूनच. चाललं, आभार.

रॅकमधलं_भूत:
उरला १४. खिडकी येते, पिन घेतो, रीसेट. लॉगमध्ये काही म्हणजे काही नाही. घड्याळ बरोबर, डीएनएस आहे, सीए तिन्ही आहेत. बाकी सगळ्यांसारखाच. फक्त एक, नवीन फर्मवेअर आधी ह्याच्यावर चढवून बघितलं होतं, बाकीचे जुन्यावर आहेत.

पोर्ट_६३६:
"फक्त एक" 🙂

नव्या फर्मवेअरमध्ये टीएलएस (एचटीटीपीएसमागचं एन्क्रिप्शन) १.३ चालू झालंय का बघा.

रॅकमधलं_भूत:
हो. आधी १.२ होतं, आता "१.२ आणि वर".

पोर्ट_६३६:
मग माझा संशय सहीच्या प्रकारावर आहे. टीएलएस १.३ मध्ये आरएसए कीने सही करायची तर ती पीएसएस पद्धतीचीच लागते, जुनी पीकेसीएस-१ पद्धत तिथे चालत नाही, २०१८ च्या आरएफसी ८४४६ मध्येच तसं आहे. जुनं कार्ड किंवा त्याचा जुना मिनीड्रायव्हर (विंडोजमधला कार्डाचा ड्रायव्हर) पीएसएस करू शकत नाही. पिन घेतला, कार्डाला सही मागितली, कार्ड म्हणालं हे मला येत नाही, ब्राउझरने कनेक्शन सोडून दिलं. बीएमसीपर्यंत सही पोचलीच नाही म्हणून त्याच्या लॉगमध्ये काही नाही. १.२ वर दोघं जुन्या पद्धतीवर सहमत होतात म्हणून बाकीचे १५ चालतात.

(टीएलएस १.३ ने रीनिगोशिएशनही, म्हणजे चालू कनेक्शनमध्ये नव्याने बोलणी करणं, काढलंय, काही पानं "कार्डाने लॉगिन" बटण दाबल्यावर मधेच सर्टिफिकेट मागतात ती त्याने मोडतात. पण तेव्हा खिडकीच येत नाही, तुम्हाला पिनपर्यंत येतंय म्हणजे ते नाही.)

तपासायला ब्राउझरमध्ये कमाल टीएलएस १.२ करा, बीएमसीला हात लावू नका.

रॅकमधलं_भूत:
केलं. आत. पहिल्या फटक्यात. हसू की रडू.

घाईत_आहे:
म्हणजे नवीन फर्मवेअरच भंगार. मागे घ्या.

हळूहळू_चालवा:
फर्मवेअरचा काय दोष, तो नियमाने वागतोय, मागे पडलाय तो कार्डाचा ड्रायव्हर. भूत, जंप मशीनवर मिनीड्रायव्हर नवा टाकून बघा, बऱ्याचदा कार्डाला जमत असतं आणि ड्रायव्हर सांगत नाही. तोवर १४ वर १.२ चालेल, नीट सायफर निवडलेले असतील तर १.२ म्हणजे काही उघडं दार नाही. फक्त बाकीच्या १५ वर नवीन फर्मवेअर चढवायच्या आधी हे निस्तरा, नाहीतर एका रात्रीत सगळेच १४ नंबर होतील.

काटकोन:
परत मीच. ताईंनी सांगितल्याप्रमाणे आरडीपीने गेलो, रीडर दिसतो, पिन घेतो, आणि मग म्हणतो तुमची ओळख पटवता आली नाही. बीएमसीवर तेच कार्ड चालतं.

पोर्ट_६३६:
डोमेन कंट्रोलरच्या (विंडोजची खाती सांभाळणारा सर्व्हर) सिस्टिम लॉगमध्ये केडीसीची (त्यातली लॉगिन तपासणारी सेवा) ३९ नंबरची घटना दिसते का? असेल तर ते विंडोजचं सर्टिफिकेट मॅपिंग प्रकरण. मे २०२२ च्या अपडेटने सुरू झालं, फेब्रुवारी २०२५ पासून आपोआप सक्तीचं, आणि मागे जायची पळवाट सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाली. नुसत्या यूपीएनवर डोमेन कंट्रोलर आता विश्वास ठेवत नाही, सर्टिफिकेटमध्ये खात्याचा एसआयडी (खात्याचा ओळख क्रमांक) पाहिजे, नाहीतर खात्यावर हाताने पक्कं मॅपिंग. बीएमसी मात्र स्वतःच एलडीएपीत यूपीएन शोधतो, त्याला ह्या सगळ्याचं सोयरसुतक नाही, म्हणून तिथे चालतं.

हाताने करणार असाल तर इश्यूअर आणि सीरियल नंबरवालं मॅपिंग करा, आणि सीरियलचे बाइट उलटे लिहायचे, शेवटची जोडी आधी. अक्षरं उलटी नाही, जोड्या उलट्या. इथे सगळे पडतात.

काटकोन:
३९ आहे, ढिगाने आहेत. जोड्या उलट्या लिहून बघतो.

काटकोन:
पहिल्यांदा अक्षरंच उलटी केली 🙈 दुसऱ्यांदा चाललं.

रॅकमधलं_भूत:
आठवड्यानंतरचा हिशोब देतो. नवा मिनीड्रायव्हर टाकला, १४ आता टीएलएस १.३ वर कार्ड घेतोय, ब्राउझरची मर्यादा काढून टाकली. जुनी एक्सपोर्ट फाइल डिलीट केली आणि नवी काढून ठेवली. प्रत्येक बीएमसीवर एक लोकल खातं ठेवलंय, लांबलचक पासवर्ड, पाकिटात बंद, १४ ने शिकवलंच तसं.

काल ९ ची केबल काढून परत लावली तर पहिली मिनिटभर लॉग परत १९७० चा, मग एनटीपी येतं आणि सुधारतो. तेवढ्या मिनिटात कार्डाने गेलं तर अर्थातच नकार. बोर्डावरचा बटण सेल गेलेला दिसतोय. उद्या सकाळी बदलतोय.

निळी_वायर:
सीआर२०३२ असेल, तरी आधी मॅन्युअल बघा. आणि केबल काढण्याआधी कोण लॉगिन आहे ते विचारा, मागच्या वेळी मी होतो.